फॅमीट्रॅकरमध्ये भूप: मींडेतली ‘टक्’, दादऱ्याची सम आणि ट्रँगल कोणाला द्यायचा?

पेटीवाला_नौपाडा (ठाणे)

नमस्कार. मी ठाण्यातील एका भजनी मंडळात पेटी वाजवतो आणि रात्री हेडफोन लावून फॅमीट्रॅकर या संगणकावरील प्रोग्रॅममध्ये चिपट्यून (जुन्या व्हिडिओ गेमच्या ध्वनिचिपवरचे संगीत) रचतो. सध्या भूप रागातील एक धून रिको २ए०३ या निन्टेंडोच्या जुन्या गेम-यंत्रातील चिपसाठी, जोडीला कोणतीही विस्तारित चिप न घेता, लिहीत आहे. दोन पल्स (चौकोनी लाट), एक ट्रँगल (त्रिकोणी लाट), एक नॉइज (खरखर) आणि एक डीपीसीएम (ध्वनिमुद्रित नमुने वाजवणारा) एवढ्या पाचच चॅनेलमध्ये सगळे बसवायचे आहे. माझी पट्टी पांढरी चार आहे आणि मुख्य सुरावट पहिल्या पल्सवर आहे.

अडचणी अशा आहेत. मध्य सप्तकातील गंधारावरून रिषभावर मींड घेतली (सूर सलग घसरवत नेला) की ती सुरू होताक्षणीच ‘टक्’ असा आवाज येतो. तार षड्जावरून धैवतावर उतरताना मात्र तो येत नाही. दुसरे म्हणजे, दादऱ्याचा सहा मात्रांचा ठेका भरला की तिसऱ्या आवर्तनात पॅटर्न (ट्रॅकरमधील ओळींचा एक तुकडा) संपतो आणि सम भलतीकडेच पडते. तानपुऱ्यासाठी दुसरा पल्स अडकवून ठेवावा का, हेही ठरत नाही. शिवाय लहानपणी घरच्या व्हिडिओ गेमवर कॅसेट लावून जो आवाज ऐकला होता, तो आता त्याच खेळाच्या ध्वनिफितीत सापडत नाही. हा केवळ आठवणींचा खेळ आहे, की त्यामागे काही तांत्रिक कारण आहे?

रजिस्टर_वाचक (कोपरखैरणे)

तुमच्या पट्टीमुळेच ही ‘टक्’ नेमकी गंधाराला चिकटली आहे. पल्स चॅनेलला आपण वारंवारता देत नाही, ११ बिटांचा पिरियड (लाटेच्या एका फेरीची लांबी ठरवणारा आकडा) देतो, आणि तो दोन रजिस्टरांत, म्हणजे चिपमधील कप्प्यांत, विभागलेला असतो: खालचे ८ बिट एकात, वरचे ३ दुसऱ्यात. दुसऱ्या रजिस्टरमध्ये काहीही लिहिले की लाट पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि तो धक्का कानाला ऐकू येतो. पांढरी चार हा षड्ज धरला तर तुमचा गंधार ४४० हर्ट्झवर येतो, त्याचा पिरियड २५३ आहे, आणि रिषभाचा २८४. मींड निघाली की तिसऱ्याच पायरीला ती २५५, म्हणजे ८ बिटांत मावणारा सर्वांत मोठा आकडा, ओलांडते आणि वरचे बिट बदलावे लागतात. तार षड्ज १५९ आणि धैवत १८९ असल्यामुळे तिथे ही सीमा आडवी येतच नाही. याच कारणाने त्या गंधारावर व्हायब्रेटो (स्वराचे कंपन) लावलात तर एकाऐवजी टकटकांची रांग लागेल.

एक उपाय पट्टी बदलण्याचा आहे. काळी पाचवर षड्ज नेला तर त्याचा पिरियड २३९ होतो आणि मध्य षड्जापासून वरचे सगळे क्षेत्र सीमेच्या अलीकडे राहते. अडचण उरते ती फक्त मंद्र धैवताकडे उतरताना. मात्र जितके वर जाल तितक्या पिरियडच्या पायऱ्या कानाला मोठ्या वाटू लागतात. गंधार ४४० वर होता तेव्हा एक पायरी सुमारे ७ सेंटची (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) होती; काळी पाचच्या तार गंधाराजवळ ती सुमारे १८ सेंटची होते, आणि पेटीचा कान असलेल्या माणसाला तेवढा फरक नक्की खुपतो.

मींडेचा वेगही याच हिशेबाने ठरवावा. गंधार ते रिषभ हे अंतर ३१ पायऱ्यांचे आहे, त्यामुळे ३०१ हा इफेक्ट (दर फ्रेमला एक पायरी सरकवण्याची आज्ञा) दिल्यास मींड ३१ फ्रेम, म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद चालते, आणि ३०३ दिल्यास सेकंदाच्या सहाव्या भागात संपते. मूळ पट्टी सोडायची नसेल, तर फॅमीस्टुडिओ या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये स्मूद व्हायब्रेटो नावाची सोय आहे. ती स्वीप युनिटच्या (चिपमधील सूर सरकवणाऱ्या भागाच्या) आडवाटेने पिरियड सीमेपार नेते आणि लाट तुटू देत नाही.

डग्गा_आणि_नॉइज (ऐरोली)

पट्टी चढवण्याला माझा विरोध आहे. भूपाचे गांभीर्य काळी पाचच्या पल्सवर टिकत नाही, तिथे तो खेळातल्या बक्षिसाच्या धूनसारखा वाजू लागतो. मींड ट्रँगलवर घ्या. त्याचा पिरियडही दोन रजिस्टरांत असला, तरी वरचे बिट लिहिल्याने त्याची लाट मागे जात नाही, म्हणून मींड सलग उतरते. फक्त हे लक्षात ठेवा की तोच पिरियड ट्रँगलवर एक सप्तक खाली वाजतो, आणि ट्रँगलला आवाज कमी-जास्त करण्याची सोय नाही. तो एकतर पूर्ण वाजतो किंवा गप्प असतो.

दादऱ्याचे उत्तर सोपे आहे. पॅटर्नच्या ६४ रोमध्ये (ओळींमध्ये) चार रोची एक मात्रा धरली तर १६ मात्रा होतात आणि सहाच्या हिशेबात चार उरतात. पॅटर्नची लांबी ४८ रो ठेवा, म्हणजे दोन आवर्तने नेमकी बसतील. मूळचा स्पीड (एका रोला किती फ्रेम) ६ ठेवलात तर मिनिटाला १५० मात्रा पडतात, आणि भजनाच्या अंगाने जाणाऱ्या दादऱ्याला ही घाई आहे. स्पीड १० केल्यास ९० मात्रा मिळतात.

‘ना’साठी नॉइजचा आखूड प्रकार वापरा. त्याचा क्रम अवघ्या ९३ पायऱ्यांत फिरत असल्यामुळे त्यात चाटीवरच्या बोटासारखी धातूची धार येते. डग्ग्याचा घुमारा एरवी ट्रँगलचा सूर झपकन खाली घसरवून काढतात, पण तुमचा ट्रँगल आता गात असल्यामुळे डग्गा डीपीसीएमवर जायला हवा. एका नमुन्याला ४०८१ बाइट मिळतात आणि सर्वांत वरच्या वेगाला, म्हणजे सुमारे ३३ किलोहर्ट्झला, तो जेमतेम एक सेकंद वाजतो. ‘धा’ला एवढा वेळ पुरून उरतो.

पेटीवाला_नौपाडा (ठाणे)

दोघांचेही आभार. ट्रँगलवर मींड घेऊन पाहिली आणि ती खरोखरच बासरीच्या अंगाने उतरली. मात्र ध्वनिमुद्रित डग्गा घातल्यावर ही रचना चिपट्यून राहते का, अशी शंका मनात येते. शिवाय डग्गा वाजला की ट्रँगलचा आवाज किंचित दबल्यासारखा वाटतो, तो माझ्या हेडफोनचा दोष आहे का?

जुनी_कॅसेट (वाशी)

शंका काढून टाका. डीपीसीएम हा त्या चिपचाच पाचवा चॅनेल आहे, बाहेरून चिकटवलेला नाही; एक बिटाच्या चढ-उतारात कोंबलेला डग्गा स्वच्छ वाजतच नाही, आणि त्याची ती खरखरच त्या चिपची ओळख आहे. ऐरोलीकरांशी मी इथे सहमत आहे, काळी पाचबद्दल मात्र नाही: भूपाळीच्या वेळी बायकांच्या आवाजात भूप त्याच पट्टीत गायलेला आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे आणि त्याचे गांभीर्य कधी कमी झालेले नाही.

आवाज दबतो तो हेडफोनमुळे नाही. ट्रँगल, नॉइज आणि डीपीसीएम चिपमध्ये एकाच ठिकाणी मिसळतात आणि ते मिसळणे सरळ बेरजेचे नसते; डीपीसीएमची पातळी वर राहिली की उरलेले दोघे दबतात. झेड इफेक्टने ही पातळी हाताने ठरवता येते. ट्रँगलला स्वतःचा आवाज-नियंत्रक नसल्यामुळे जाणकार मंडळी हीच उणीव कामाला लावतात: स्वर संपत आला की पातळी दोन-तीन टप्प्यांत वर नेतात आणि स्वर थोडासा विझवतात. एकदम मोठी उडी घेतलीत तर ती स्वतःच ‘टक्’ करेल.

तानपुरा नको. तीनच सुरेल आवाजांच्या जगात एक जण सतत सा-प धरून बसणे परवडत नाही, आणि अर्पेजिओने सेकंदाला ६० वेळा स्वर बदलून केलेला सा-प तानपुऱ्यापेक्षा भुंग्याजवळ जातो. त्याऐवजी एका पल्सवर ट्रँगलचीच सुरावट तीन-चार रो उशिरा आणि हळू आवाजात वाजवा; भूपात मध्यम आणि निषाद नसल्यामुळे हा प्रतिध्वनी कुठेच बोचत नाही. दुसरा पल्स मग झीलकऱ्यांसाठी (मागून साथ गाणाऱ्यांसाठी) मोकळा राहतो.

लहानपणच्या आवाजामागे खरोखर कारण आहे. आपल्याकडे घरोघरी होते ते बहुतेक मूळ यंत्र नव्हते, त्याच्या नकला होत्या, आणि अशा अनेक नकलांमधील चिपमध्ये पल्सची २५ टक्के आणि ५० टक्के (लाट वर राहण्याचे प्रमाण) ही दोन रूपे आपापसांत बदललेली असत. मूळ संगीतकाराने जिथे पातळ, नाकातला आवाज योजला होता तिथे आपल्याला भरीव, पोकळ आवाज ऐकू येई, आणि जिथे भरीव योजला होता तिथे पातळ. एनएसएफप्ले या ध्वनिफिती वाजवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ही अदलाबदल करण्याचा पर्याय आहे. तो चालू करून तीच ध्वनिफीत ऐका. तुमच्या भुपातील दोन्ही पल्ससाठीही हा पर्याय चालू आणि बंद असा दोन्ही प्रकारे ऐकून मगच रूप पक्के करा. १२.५ टक्क्यांचे रूप या अदलाबदलीत सापडत नाही, म्हणून मी प्रतिध्वनीसाठी तेच घेईन.