'गुडघे टेकून पंचगंगा उतरत नाही' म्हणणाऱ्यांसाठी

शाहूपुरीचा_बाक: पॅरिशच्या ग्रुपवर कालचा मेसेज वाचला: 'गुरुवारची चर्चमधली मूक आराधना बंद करून त्या तासात पूरमदतीची तयारी करूया. गुडघे टेकून पंचगंगा उतरत नाही.' उतरत नाही, कबूल. पण हात जोडले की कामाला मोकळे राहत नाहीत, हे कुणी सांगितलं? मदर तेरेसांच्या सिस्टर्स 1973 पासून रोज तासभर आराधना करतात. कामात त्यांची बरोबरी करून दाखवा! फ्रान्समधली संत, लिझ्यूची तेरेज, मठातच चोविसाव्या वर्षी वारली, तरी 1927 मध्ये पोपनी तिलाच मिशनकार्याची आश्रयदाती केलं. 2019 च्या महापुरात छावणीत सुरुवातीला काय तो उत्साह! पुढं चिडचिड करत निम्मे गायब. टिकले ते सकाळी चॅपलमध्ये गप्प बसणारेच.

शिरोली_नाका: मेसेज माझाच. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 43 फूट झालं की धोका, नदी तुमचं वेळापत्रक बघत नाही. संत व्हिन्सेंट दि पॉल आपल्या संघाच्या सिस्टर्सना सांगायचे, गरीब दारात आला तर प्रार्थना सोडून जा, ते देवासाठीच देवाला सोडणं आहे.

शाहूपुरीचा_बाक: दारात आला *तर*! तुम्ही कोरड्या जूनमध्येच तास कापताय. आणि सोडायला आधी धरलेली असावी लागते. गुरुवारी कधी दिसला नाहीत ते.

शिरोली_नाका: हजेरी घेता काय काका?

शिरोळची_सून: तुमचं चालू द्या. छावणीत भात कुणी शिजवला? रोझरीच्या प्रार्थनेला पुढं पुरुष, बोटीत पुरुष, फोटोतही तेच. आम्ही मागं पातेली घासतोय. येशू घरी आला तेव्हा बहीण मरिया त्याच्या पायाशी बसली आणि मार्था राबत राहिली; वर रविवारी त्या मार्थेवर प्रवचन, 'फार धावपळ नको'. आम्ही पण पायाशी बसलो असतो तर जेवला असता काय?

शिरोली_नाका: वहिनी, तो विषय वेगळा.

शिरोळची_सून: हाच विषय आहे. 2021 मध्ये रोमनं 29 जुलैचा मार्थेचा दिवस मरिया आणि त्यांचा भाऊ लाझरस यांनाही वाटून दिला. त्याच आठवड्यात आमच्या घरातला चिखल मी खरवडत होते. लाझरसनं त्या घरात काय काम केलं, शुभवर्तमानात दाखवा बघू.

आजऱ्याचा_पाहुणा: आव्हिलाच्या संत तेरेसानं म्हटलंय, देव स्वयंपाकघरातल्या भांड्यांतही असतो.

शिरोळची_सून: मग या की दर्शनाला. काथ्या मी देते.

गंगावेशीतला: फोटोचं खरं हाय. बिस्किटाचा पुडा एक आन् धरायला सगळी कमिटी. गेल्या टायमाला आमच्या गल्लीत तर पुडा परत घेऊन पुढच्या घरात फोटो काढला!

शिरोली_नाका: सगळ्यांना एकाच मापात मोजू नका. मी कमरेएवढ्या पाण्यातून म्हाताऱ्यांना उचलून आणलंय.

शिरोळची_सून: आणलंत. त्यांचं अंथरूण-पांघरूण कुणी धुतलं, ते आठवतंय?

शाहूपुरीचा_बाक: ...बरं. आराधना सातला, तयारीची बैठक आठला. दोन्हीला यायचं. नाक्यानं सुद्धा.

शिरोली_नाका: अर्धा तास बसेन. तुमचा मान म्हणून.

शिरोळची_सून: भांड्यांची पाळी कुणाची ते आधी लिहा. नावासकट.

आजऱ्याचा_पाहुणा: माझी आजऱ्याची गाडी साडेसातची आहे.