किशोर साहसकथा जंगलाबाहेर न्यायची आहे: खाडी, माळ की सडा?

अर्धविराम (प्रश्न)

१२ ते १५ वयाच्या वाचकांसाठी पर्यावरणाभोवती फिरणारी साहसकादंबरी लिहायला घेतली आहे. साधारण ३५ हजार शब्द. या प्रकाराचं नेपथ्य वर्षानुवर्षं एकच: सदाहरित जंगल, लोंबत्या वेली, जळवा, झाडं तोडणारी कंपनी आणि शेवटी वाचलेलं रान. आता बर्फ, वाळवंट, समुद्रतळ, शहराकडेची पाणथळ जागा असं सगळं या कथांत येऊ लागलंय, म्हणून मलाही जंगल नको आहे.

सध्याचा आराखडा असा. ठाण्याच्या खाडीकाठची तीन मुलं. रात्री कोणीतरी बांधकामाचा राडारोडा आणून कांदळवनात टाकतंय. पौर्णिमेच्या संध्याकाळी ७ वाजता मुलं पुरावा गोळा करायला जातात, भरती चढते, ती अडकतात, होडीतून सुटतात. पर्याय म्हणून सोलापूरकडचा माळ किंवा रत्नागिरीचा सडाही (जांभ्या कातळाचं उघडं पठार) डोक्यात आहे. अडचण अशी की जंगल काढलं की धोकाच उरत नाही असं वाटतं. लपायला जागा नाही, चुकायला वाट नाही. मग थरार आणायचा कुठून? आणि तपशिलात कुठे हसं होईल?

खाडीकाठ

हसं पहिल्याच प्रसंगात होईल. मुंबई-ठाण्याकडे पौर्णिमेला संध्याकाळी ७ वाजता भरती नसते, ओहोटीचा सुमार असतो.

जुना ढोबळ हिशेब: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे १५, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारी आणि मध्यरात्री, ११ ते १२ च्या सुमाराला पाणी भरलेलं, आणि त्यानंतर सहा तासांनी ओसरलेलं. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणून सकाळ-संध्याकाळ सहाला भरती. रोज वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. खाडीच्या आतल्या टोकाला पाणी बंदरापेक्षा उशिरा पोचतं, तेवढी सूट धरा. कादंबरीच्या चार दिवसांचा तक्ता आधी भिंतीवर लावा: तिथी, भरती, ओहोटी, सूर्यास्त, चंद्र कधी उगवतो. निम्मं कथानक तो तक्ताच ठरवेल.

दुसरी चूक म्हणजे पाणी एका चालीने चढतं असं दाखवणं. तसं ते चढत नाही. सहा तासांत पाणी १, २, ३, ३, २, १ अशा बाराव्या हिश्शांनी वाढतं. उधाणाच्या (पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीच्या) दिवशी फरक ४ मीटर धरला तर पहिल्या तासात जेमतेम ३३ सेंटिमीटर, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात प्रत्येकी अख्खा एक मीटर. तुमचा थरार इथेच आहे. पहिला तास मुलं निर्धास्त, «पाणी कुठे चढतंय?» म्हणणारी. तिसऱ्या तासात घोट्याचं पाणी छातीला लागतं. शिवाय पाणी समोरून येत नाही. चिखलातल्या बारीक नाळ्यांतून ते आधी मागच्या बाजूला भरतं आणि परतीची वाट कापली जाते. मुलं उभी असतात तो उंचवटा शेवटपर्यंत कोरडा राहतो, म्हणून कोणाच्या लक्षातच येत नाही.

चिखलाचंही तसंच. माणूस खाडीच्या गाळात डोक्यापर्यंत गिळला जात नाही. मांडीपर्यंत रुततो, पाय उपसताना खाली पोकळी धरते, जोर लावला की दुसरा पाय आणखी खोल जातो. जीव घेते ती मागून येणारी भरती. सुटका अशी: मागे रेलायचं, शक्यतो पाठीवर, वजन पसरायचं, अडकलेला पाय बारीक गोल हलवून भोवती पाणी शिरू द्यायचं, मग हळू ओढायचा. चप्पल-बूट तिथेच राहतात. आणि पुढे अनवाणी चालायचं म्हणजे तळव्यांना कालवांच्या धारा आणि तिवराची खुंट्यांसारखी वर आलेली श्वासमुळं.

नावं नीट वापरा. चिखलात उड्या मारणारा मासा निवटी, खेकडा चिंबोरी. झाडांत तिवर, कांदळ, चिपी. पांढरी चिपी हा २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) हवे असतील तर कथा हिवाळा-उन्हाळ्यात ठेवा, ऐन श्रावणात त्यांचे थवे दाखवू नका. ठाणे खाडीचं रोहित अभयारण्य २०१५ चं, २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलं.

कुसळ

खाडीकाठ यांचा भरतीचा हिशेब बिनतोड आहे, पण कांदळवन म्हणजे पुन्हा वनच की. झाडं बदलली, साचा तोच. खरंच जंगलाबाहेर पडायचं तर माळावर या.

«लपायला जागा नाही» ही तुमची तक्रार हाच माळाचा थरार आहे. सपाट जागी डोळे जमिनीपासून दीड मीटरवर असतील तर क्षितिज साधारण साडेचार किलोमीटरवर असतं. दहा मीटर उंच टेपाडावर बसलेल्याचं क्षितिज अकरा किलोमीटरच्या पुढे जातं. म्हणजे टेपाड ज्याच्या ताब्यात, त्याला सगळं दिसतं. जंगलात प्रश्न असतो तो कुठे आहे. माळावर दोघेही एकमेकांना बघत असतात, आणि प्रश्न एवढाच की आधी हलणार कोण. लपायचं तर ओढ्याची घळ, मेंढ्यांचा कळप किंवा गवत. गवताची उंची महिन्यावर ठरते: राखलेल्या कुरणात ऑक्टोबरला कमरेएवढं, चरून झालेल्या माळावर एप्रिलला घोट्याएवढंसुद्धा नाही. महिना न ठरवता माळ लिहायला बसू नका.

गवताला नुसतं «गवत» म्हणू नका. पवन्या, मारवेल, कुसळी. कुसळीच्या बीला लांब शेपटी असते. दमट हवेत ती पीळ सोडते, सुकली की परत पीळ घेते, आणि त्या फिरण्याने बी कपड्यातून कातडीपर्यंत भोक पाडत जाते. दव पडलेल्या पहाटे मुलं अशा गवतात दबा धरून बसली तर तासाभरात त्यांना हलल्याशिवाय राहवणार नाही. कुणी हल्ला न करता लपणं मोडतं.

वणवा घालणार असाल तर मार्च-एप्रिल. गवताची आग वाऱ्यासोबत पळते, चढाला जास्तच. आगीपुढे धावणं हा साहसपटातला मूर्खपणा. जळून काळी झालेली जमीन ही सुरक्षित जागा असते, तिथे जायचं. आणि तिथे पोचायला आगीच्या बाजूने वळसा घ्यावा लागतो, जो घ्यायची हिंमत होत नाही.

लांडग्याला खलनायक करू नका, पाळीव कुत्राही करू नका. तो मेंढरू उचलतो, धनगराचं नुकसान होतं, तरी धनगरांचे कित्येक वाडे (तळ) वर्षानुवर्षं त्याच्याच मुलखात बसतात. हा ताण खरा आहे, तो तसाच राहू द्या. बाकी पात्रं खोकड, तरस, चिंकारा, धाविक पक्षी. माळढोक मुख्य ठेवायचा मोह आवरा. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं, मूळ क्षेत्र साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात, त्यात गावं, शेतं, रस्ते सगळं आलं. आता तिथे माळढोक दिसला तर ती बातमी होते. न दिसणाऱ्या पक्ष्याच्या मागावरची कथा मात्र मला वाचायला आवडेल.

एक कळकळीची विनंती. शेवटच्या प्रकरणात मुलांनी माळावर हजार झाडं लावली असं करू नका! माळावर झाडं लावणं म्हणजे माळ मारणं. लांडगा, धाविक, चिंकारा यांना उघडी जमीन लागते. खलनायक हवा असेल तर तो सातबाऱ्यावर शोधा: पोटखराबा, पडीक, गायरान. कागदावर ज्या जमिनीची काही किंमत नाही तिच्यावर कोणीही हक्क सांगतो, आणि तो माणूस सभेत फार चांगलं बोलतो.

सडाफटिंग

सड्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून.

सडा वर्षातून दोनदा ओळखू न येण्याइतका बदलतो. मेमध्ये काळा-तांबडा तापलेला जांभा, सावलीचा पत्ता नाही. जून लागला की आठ-दहा दिवसांत डबकी, शेवाळ, बेडूक. ऑगस्ट-सप्टेंबरला सीतेची आसवे आणि दवबिंदू. दोन्ही किडे खाणाऱ्या वनस्पती, बोटभर उंचीच्या. मांसाहारी झाड म्हणजे माणूस गिळणारं, ही कल्पना मोडायला उत्तम जागा.

चुकायला वाट नाही म्हणता? पावसाळ्यात ढग सड्यावर उतरले की वीस पावलांवरचं दिसत नाही, आणि कातळावर पायवाट उमटत नाही. होकायंत्र काढाल तर जांभ्यात लोह भरपूर. राजापूर तालुक्यातल्या देवाचे गोठणे इथे कातळशिल्पाजवळ (कातळावर कोरलेल्या प्राचीन चित्राजवळ) सुई भरकटते, हे प्रसिद्धच आहे. तीन मुलं, तीन पावलं इकडेतिकडे, तीन वेगळ्या उत्तर दिशा. मात्र मोबाइलला रेंज नाही हा घासलेला उपाय इथे चालणार नाही. उघड्या सड्यावर ती बहुधा खालच्या गावापेक्षा बरी मिळते. बॅटरी संपवा किंवा फोन भिजवा.

धोका एकच निवडायचा तर मी चिरेखाण निवडेन. यंत्राने चिरे कापलेल्या खाणीच्या भिंती सरळ उभ्या, ओलीत शेवाळलेल्या. सोडून दिलेली खाण पावसात भरते आणि वरून साध्या तळ्यासारखी दिसते. आत पडलेल्याला पोहता येत असलं तरी पकडायला कंगोरा नसतो. दोर, ओढणी, बांबू, काहीतरी वरूनच टाकावं लागतं, आणि टाकणाऱ्याने आधी पालथं झोपायचं, नाहीतर तोही आत. कातळशिल्पांच्या कडेला खाण सरकत येतेय, एवढ्यावर कथानक उभं राहतं. कशेळीचा कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. जमिनीवर उभं राहून तो हत्ती आहे हे कळतच नाही, नुसत्या रेघा दिसतात. मुलांना तो कळायचा क्षण कुठे आणायचा ते ठरवा. ही शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत.

साप दाखवाल तर फुरसं दाखवा, नाग नको. जांभ्याच्या सुट्या दगडाखाली असतं, अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून तव्यावर पाणी पडल्यासारखा आवाज करतं. चावल्यावर माणूस दोन मिनिटांत कोसळत नाही. सूज, मग काही तासांत हिरड्यांतून, जखमेतून थांबत नाही असं रक्त. चिरणं, चोखणं, आवळून बांधणं हे नायकाच्या हातून होऊ देऊ नका. पाय हलू न देता दवाखाना गाठायचा. तिथे डॉक्टर काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर प्रतिविष. ती २० मिनिटं म्हणजे तुमचं तयार प्रकरण आहे, त्यात पळापळ घालू नका.

मुद्रितशोधक

तिघांनीही एवढा ऐवज दिलाय की तो सगळा कोंबायचा मोह होईल. किशोर हस्तलिखितं बहुतेक तिथेच बुडतात. एक शहाणा काका किंवा शिक्षक येतो आणि दीड पान माहिती सांगतो. काका काढून टाका. माहिती निर्णयातून यावी. बाराव्या हिश्शांचा नियम सांगू नका. एका मुलीने काठीवर दर तासाला चाकूने खूण केली आणि तिसऱ्या तासाला खुणांमधलं अंतर पहिल्याच्या तिप्पट झालं, एवढं पुरे. एका प्रकरणात नवी नावं दोन-तीनच.

पाण्याचा हिशेब ठेवा. उन्हात चालताना ताशी अर्धा ते एक लिटर लागतं. तीन मुलं, चार तास, बाटल्या किती? खाडीत तर चहूकडे पाणी आणि पिण्याजोगं थेंबभर नाही. सातव्या प्रकरणात संपलेली बाटली नवव्यात भरलेली सापडते, हे संपादकाच्या हातून निसटतं पण बारा वर्षांच्या वाचकाच्या नाही.

कुसळ यांच्या झाडांच्या मुद्द्याला अनुमोदन. फक्त «सभेत चांगलं बोलणारा» खलनायक एका परिच्छेदात उरकू नका, त्याचं म्हणणं वाचकाला थोडा वेळ पटलं पाहिजे.

अर्धविराम

सगळ्यांचे आभार. सडा पुढच्या पुस्तकाला ठेवतो, खाडीच पक्की केली. काका काढला. भरतीचा घोळ असा सोडवला: पौर्णिमेऐवजी अष्टमी, म्हणजे संध्याकाळी ६ ला भरती मिळते आणि प्रसंगाची वेळ बदलावी लागत नाही.

खाडीकाठ

वेळ जुळली, पाणी गेलं. अष्टमीला भांगाची भरती असते. चढ-उतार उधाणाच्या निम्म्याहूनही कमी, चिखलही फार उघडा पडत नाही. मुलं आत खोलवर जाणारच नाहीत, अडकणार कशी?

पौर्णिमाच ठेवा, प्रसंग पहाटेला न्या. ५ ते ६ च्या दरम्यान पूर्ण ओहोटी, चिखल लांबवर उघडा, चंद्र पश्चिमेला मावळतीला, उजाडायला थोडा अवकाश. रात्रभर राडारोडा टाकणारे तेव्हा निघून जात असतात, म्हणून मुलांना आत शिरायचं धाडसही होतं. खाडीच्या आत पाणी उशिरा, साडेसहाला फिरेल. पहिला तास काही जाणवणार नाही. साडेआठ ते साडेदहा हे दोन तास तुमचे. आणि होडी ओहोटीला चिखलात बसलेली असते, पाणी पुरेसं चढेपर्यंत ती हलणार नाही. म्हणजे ज्या भरतीपासून पळायचं तिचीच वाट बघत बसावं लागेल.

कुसळ

हे जमलं. फक्त पहाटे दव असतं, कागदाचा पुरावा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायला सांगा पोरांना.