पहिल्या क्रेडिट कार्डावर किती मर्यादेची अपेक्षा ठेवावी?

जमाखर्च (धागाकर्ता)

पहिले क्रेडिट कार्ड हाती आले की त्यावरची मर्यादा पाहून अनेकांचा हिरमोड होतो. उत्पन्न नियमित आहे, डोक्यावर कुठलेही कर्ज नाही, मग बँकेने इतका हात आखडता का घेतला, असा प्रश्न पडतो. माझे मत असे आहे की नवख्याने महिन्याकाठी प्रत्यक्ष हाती येणाऱ्या रकमेइतकी, किंबहुना तिच्याहूनही कमी मर्यादा गृहीत धरावी, मिळेल ती स्वीकारावी आणि निदान वर्षभर ती वाढवून मागू नये.

'कर्ज नाही' ही आपल्याला जमेची बाजू वाटते, पण बँकेच्या लेखी ती कोरी पाटी असते. ज्याने कधी कर्ज घेतलेच नाही, तो ते वेळेवर फेडतो की नाही हे कळायला बँकेकडे काहीच साधन नसते. मग उरते काय? उत्पन्न, नोकरी किंवा व्यवसायाचे स्थैर्य, इतरत्र जाणारे हप्ते आणि त्याच बँकेत जुने खाते असल्यास त्यातील व्यवहार. उत्पन्नावरून मर्यादेचे कमाल टोक ठरते आणि परतफेडीच्या इतिहासावरून त्या टोकाच्या किती जवळ जाऊ द्यायचे ते ठरते. नवख्याच्या बाबतीत हा इतिहासच नसल्यामुळे आकडा खाली राहतो, आणि यात अर्जदाराचा अपमान काही नाही.

बँकांच्या या सावधपणाला जुना अनुभवही आहे. बँक ऑफ अमेरिकाने 1958 मध्ये कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरात सुमारे 60,000 कार्डे कोणी न मागता टपालाने धाडली आणि पुढे ती योजना राज्यभर नेली. सुमारे 4 टक्के खाती थकतील असा अंदाज होता, प्रत्यक्षात प्रमाण 22 टक्क्यांवर गेले. परतफेडीची सवय तपासल्याशिवाय उधारी दिली की काय होते, हे त्या व्यवसायाने आरंभीच पाहून घेतले आहे.

उलटतपासणी

आपले विवेचन बँकेच्या बाजूने चोख आहे, पण कमी मर्यादेची किंमत ग्राहकाला मोजावी लागते हे त्यात आलेलेच नाही. फिको या अमेरिकेतील प्रचलित पतगुणांकन पद्धतीत परतफेडीच्या इतिहासाला 35 टक्के आणि देणे असलेल्या रकमांना 30 टक्के वजन असते, आणि या दुसऱ्या घटकात मर्यादेचा किती भाग वापरला हे प्रमाण महत्त्वाचे ठरते. समजा एखाद्याचे मासिक उत्पन्न 100 आहे आणि तो कार्डाने 35 खर्च करून बिल दरमहा पूर्ण भरतो. त्याला 50 ची मर्यादा मिळाली तर वापर 70 टक्के दिसतो, 150 ची मिळाली तर तोच वापर साधारण 23 टक्के दिसतो. माणूस तोच, खर्च तोच, शिस्तही तीच, तरी पहिल्या प्रसंगी तो तंगीत असल्यासारखा दिसतो.

म्हणून मिळेल ते निमूटपणे घेण्याचा सल्ला मला मान्य नाही. ज्या बँकेत उत्पन्न जमा होते तिथेच आधी अर्ज करावा, पगाराव्यतिरिक्त उत्पन्न असेल तर त्याचेही कागद जोडावेत, आणि सहा महिने बिले वेळेवर भरली की मर्यादा वाढवून मागावी. अशा विनंतीमुळे पतअहवालात, म्हणजे आपल्या उधारी-परतफेडीच्या नोंदींत, बँकेने केलेल्या चौकशीची नोंद होईल का, एवढे मात्र आधी विचारून घ्यावे. तशी नोंद झाली तरी बहुतेकांच्या गुणांत पाचांहून कमी घट होते, असे फिकोच सांगते. एवढ्यासाठी वर्षभर थांबण्याचे कारण नाही.

सावधचित्त

दरमहा संपूर्ण बिल भरणारा ग्राहक आपण गृहीत धरला आहे. माझी काळजी तसे न करणाऱ्यांची आहे, आणि आपण कोणत्या गटात मोडतो हे पहिले कार्ड घेताना कोणालाच ठाऊक नसते. बिलातील थोडी जरी रक्कम मागे राहिली तरी बहुतेक कार्डांवर बिनव्याजी मुदत संपुष्टात येते आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागू होते. किमान देय रक्कम भरल्याने विलंबशुल्क टळते, परंतु त्यातील बराचसा भाग व्याजातच जिरतो आणि मुद्दल जागच्या जागी राहते. अशा माणसाच्या हाती उत्पन्नाच्या तिप्पट मर्यादा देणे म्हणजे तीन महिन्यांच्या कमाईइतके कर्ज करण्याची मुभा देणे होय.

ऑस्ट्रेलियात 1 जानेवारी 2019 पासून कार्ड देणाऱ्या संस्थेला अर्जदार संपूर्ण मर्यादेइतकी रक्कम तीन वर्षांत फेडू शकेल का, हे तपासावे लागते. आपण वापरू त्याहून मोठी मर्यादा मागणाऱ्याने हाच प्रश्न स्वतःलाही विचारावा.

जमाखर्च

@उलटतपासणी, आपले उदाहरण बिनचूक आहे, पण त्या अडचणीवर मर्यादा न वाढवताही उपाय आहे. क्रेडिट ब्युरोकडे, म्हणजे अशा नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे, सहसा बिलाच्या तारखेची देणे शिल्लक कळवली जाते. त्या तारखेआधी काही रक्कम भरली की 70 टक्क्यांचे 20 टक्के होतात. शिवाय प्रचलित बहुतेक पद्धतींत या प्रमाणाला मागील स्मरण नसते, त्यामुळे पुढच्या महिन्यात वापर घटला की गुण सावरतात. थकलेल्या हप्त्याचा डाग मात्र असा चटकन पुसला जात नाही.

उलटतपासणी

स्मरण नसते हे जुन्या पद्धतींपुरते खरे आहे. फिको 10 टी आणि व्हँटेजस्कोअर 4.0 या नव्या पतगुणांकन पद्धती मागील सुमारे 24 महिन्यांचा कल पाहतात. त्यात बिल पूर्ण भरणाऱ्याला लाभ होतो, हे मी मान्य करतो. परंतु बिलाआधीच पैसे भरायचे तर बिनव्याजी मुदतीचा फायदा ग्राहकाने का सोडावा? बँकेच्या संकोचाची भरपाई ग्राहकाने करायची, असाच त्याचा अर्थ होतो.

नवखा

मी विद्यार्थी असून अधूनमधून लहान कामे करतो, त्यामुळे पगाराचा पुरावा देता येत नाही. माझ्यासारख्याने किती मर्यादेची अपेक्षा ठेवावी?

जमाखर्च

आपण ठेवीवर मिळणाऱ्या कार्डाचा विचार करावा. त्यात मर्यादा साधारणपणे ठेवीइतकी किंवा तिच्याहून थोडी कमी असते, त्यामुळे अंदाज बांधावाच लागत नाही. व्यवहारांची नोंद क्रेडिट ब्युरोकडे जाते की नाही, हे अर्जाआधी विचारावे, कारण ती जात नसेल तर पत उभी करण्याचा हेतूच साध्य होत नाही. रोख रक्कम काढण्याची मर्यादा वेगळी दाखवलेली असते, तिच्या वाटेला शक्यतो जाऊ नये, कारण रोख रकमेवर बहुधा त्याच दिवसापासून व्याज सुरू होते.

उलटतपासणी

यात एक पुरवणी जोडतो. ठेव मासिक खर्चाच्या किमान तिप्पट ठेवावी, म्हणजे वापराचे प्रमाण आपोआप आटोक्यात राहील.

सावधचित्त

ज्याचे उत्पन्न अनियमित आहे त्याला केवळ एक प्रमाण चांगले दिसावे म्हणून तीन महिन्यांचा खर्च ठेवीत अडकवायला सांगणे मला पटत नाही. अडीनडीला तीच रक्कम लागेल आणि कार्ड सुरू असेपर्यंत ती मोडता येणार नाही. त्यापेक्षा लहान ठेव ठेवून त्या कार्डावर दरमहा एकच ठरलेले देयक भरावे.

उलटतपासणी

अनियमित उत्पन्नाच्या बाबतीत आपला आक्षेप मान्य आहे. नियमित पगार असणाऱ्याने मात्र अर्जात उत्पन्नाचा पूर्ण पुरावा द्यावा आणि सहा महिन्यांनी वाढ मागावी, या मतावर मी ठाम आहे, कारण मागितल्याशिवाय वाढ होईलच याची हमी कोणतीही बँक देत नाही.