सेन्सर कुठे बसवला होता?

मोटरची थरथर (व्हायब्रेशन) मोजणारा सेन्सर लावूनही बेअरिंग न सांगता गेलं, म्हणून ऑनलाइन मॉनिटरिंग (सेन्सरने मशीनवर सतत नजर ठेवणं) म्हणजे पैसे पाण्यात, असं एकाने लिहिलंय, ते मला पटत नाही. चौकशी आधी सेन्सरच्या जागेची करा. आमच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात (वडोदरा) बसवणाऱ्याने सोपं म्हणून मोटरच्या मागच्या फॅन कव्हरवर सेन्सर चुंबकाने चिकटवले होते. तो पातळ पत्रा स्वतःच थरथरतो, त्यामुळे रोज खोटे अलार्म. महिन्याभरात शिफ्टमधल्या पोरांनी मोबाइलवरचे मेसेज बघणंच सोडलं. मग आम्ही बेअरिंगच्या बरोबर वर, रंग खरवडून, स्टडने पक्के बसवले.

दुसरं, फक्त थरथरीचा मिमी प्रति सेकंदातला एकूण आकडा बघत बसू नका. त्यात अनबॅलन्स (फिरत्या भागाचं वजन एका बाजूला जास्त असणं), मिसअलाइनमेंट (शाफ्ट एका रेषेत नसणं) छान कळतं, पण बेअरिंगची सुरुवातीची खोट दबून जाते. त्यासाठी एन्व्हलप स्पेक्ट्रमच हवा, म्हणजे बेअरिंगचे बारीक ठोके सेकंदाला किती पडतात ते वेगळं काढून दाखवणारा आलेख. कूलिंग टॉवरच्या पंपाची मोटर १४४० आरपीएमची, म्हणजे सेकंदाला २४ फेरे. बेअरिंग ६२०५ नंबरचं; बाहेरच्या रेसवर (गोळ्या जिच्यावरून फिरतात ती बाहेरची कडी) खोट असेल तर ठोके फेऱ्यांच्या साधारण ३.५८ पट, म्हणजे ८६ हर्ट्झ (सेकंदाला ८६). आलेखात नेमका तिथेच आणि पुढे दुपटीला, १७२ ला, काटा उभा दिसला, तेव्हा एकूण आकडा अगदी हिरव्यात (ठीक पट्ट्यात) होता. आमचे जुने फिटरकाका स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून म्हणाले, "बारीक कुरकुरतंय, काढा." रविवारी उघडलं. बाहेरच्या रेसवर ज्वारीच्या दाण्याएवढा टवका उडालेला, नख फिरवलं की अडकत होतं.