शाळेतली फिटनेस चाचणी : तुमचा अनुभव सांगा

मी सातारा जिल्ह्यात क्रीडाशिक्षक आहे. खेलो इंडियाच्या चाचण्या घेतो. पहिली ते तिसरीला उंची-वजन, एका पायावर तोल आणि प्लेट टॅपिंग (दोन चकत्यांना एका हाताने आळीपाळीने झटपट स्पर्श करायचा). चौथीपासून उंची-वजनासोबत 50 मीटर, 600 मीटर, सिट अँड रीच (पाय पसरून बसून पुढे वाकायचं, हात कुठवर पोहोचतो ते मोजायचं), कर्ल-अप (पाठीवर झोपून पोटाच्या जोरावर खांदे उचलायचे), पुश-अप. आकडे अ‍ॅपवर जातात, पण त्या दिवशी पोरांच्या मनात काय चालतं ते कुठे नोंदवायचं? विद्यार्थी, पालक, शिक्षक, सगळ्यांनी मोकळेपणी लिहा.

सुरुवात माझ्यापासून. सहावीतली एक मुलगी 600 मीटरला पहिल्याच फेरीत चालायला लागली. आमच्या मैदानाच्या सहा फेऱ्या होतात. बाकीची पोरं पाणी पिऊन आली तरी हिची चौथीच. चाललं तरी चालतं, म्हणून मी थांबवलं नाही. शेवटच्या फेरीला दोन मैत्रिणी तिच्याबरोबर चालल्या. यंदा जूनमध्ये तिनेच येऊन विचारलं, "सर, माझा मागचा टाइम किती होता?"

एक आई, नाशिक : माझा मुलगा चौथीत. सर काट्यावरचा आकडा मोठ्याने सांगायचे, मॉनिटर वहीत लिहायचा. ह्याचा आकडा आला आणि मागून हसू फुटलं. पुढे आठवडाभर डबा तसाच परत. पोळीची सुरळीसुद्धा उलगडलेली नसायची. चाचणीला माझा विरोध नाही हो, पण वजन चारचौघांत कशाला?

क्रीडाशिक्षिका, कोल्हापूर : सिट अँड रीचला बूट काढावे लागतात. एक मुलगा काही केल्या काढेना. मला वाटलं, हट्ट करतोय. मोजा अंगठ्याला फाटला होता. आता मी आधी स्वतः अनवाणी होते, मग सगळ्यांना मोजेही काढायला लावते.

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया : इथे पाचवी, सातवी, नववीला चाचणी असते. लेकीला पेसरची धास्ती. 20 मीटर पळायचं, बीपच्या आत पोहोचायचं, आणि बीप जवळजवळ येत जातात. आधी बाद झालेल्यांनी कडेला बसून बघायचं. आम्ही दोघी महिनाभर संध्याकाळी पार्कात पळालो. आकडा थोडाच वाढला, धास्ती मात्र गेली.

पुणे, वय 58 : आमच्या वेळी पुल-अप. नुसता लोंबकळलो. अजून आठवतं.

धागाकर्ता : नाशिकच्या ताई, आमच्याकडेही मॉनिटरच लिहायचा. उद्या पाचवीची उंची-वजनं आहेत. काटा ग्रंथालयाच्या खोलीत नेतो, एकेकाला आत बोलावतो, आकडा मीच लिहितो.