गिरणी संपाचा प्रकल्प आणि आपला सोसायटी ग्रुप

बी-304 (आई): मंडळी, एक मदत हवी होती. आमची मुलगी आणि सी विंगमधली दोन मुलं मिळून इतिहासाचा प्रकल्प करतायत. नववी, 2000 शब्द, विषय मुंबईतल्या कापडगिरणी कामगारांचा 1982 चा संप. बाईंनी पहिला मसुदा परत दिला. वर एवढंच लिहिलंय, 'तुमचा प्रश्न कोणता?' सोमवारी द्यायचाय.

ए-101: भाच्याने हाच विषय केला होता. पीडीएफ टाकू का? थोडे शब्द बदलले की झालं.

डी-602 (निवृत्त शिक्षिका): दादा, राग मानू नका, पण नका टाकू. तुम्ही प्रेमानेच म्हणताय, पण मग मुलांच्या हाती काहीच उरणार नाही. आपण लालबागमध्ये, गिरण्यांच्याच भागात राहतो. हा विषय मुलांना जिन्यात भेटतो.
मुलांनो, मसुदा वाचला. कावसजी दावरांची 1854 ची गिरणी, कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे, 1890 ची रविवारची सुट्टी, सगळं बरोबर आहे. पण संप पाचव्या पानावर येतो! मागचं सगळं एका परिच्छेदात बसवा. 'संप का फसला' हा प्रश्न मोठ्या अभ्यासकांनाही पुरून उरलाय. लहान प्रश्न घ्या. एकाच तऱ्हेच्या कामगाराचा घ्या.

बी-304 (मुलगी): मॅडम, मागण्यांमध्ये पगारवाढीसोबत 'बदली कामगारांना कायम करा' असंही होतं. बदली म्हणजे ट्रान्सफर का?

ए-702 (आजोबा): नाही ग बाळा. मीच बदली होतो, साचाखात्यात, म्हणजे मागावर कापड विणायचं तिथे. पाळीच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं. कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी आत घ्यायचे. सगळे आले तर परत घरी, त्या दिवसाचा पगार नाही. 1976 पासून असं चाललं होतं. भोंगा झाला तरी गेटवरून हलवत नसे.

डी-602: सापडला की प्रश्न! 'बदली कामगार संपात का उतरले?' ज्याची नोकरीच पक्की नाही, त्याने ती पणाला का लावावी? एवढंच शोधा.

सी-203 (मुलगा): आजोबा, संप कधी सुरू झाला ते आठवतं का?

ए-702: आठवतं म्हणजे काय. 18 जानेवारी. त्या दिवशी अख्खा देश बंद होता.

सी-203: कॅलेंडर बघितलं, 18 ला सोमवार होता. पण केंद्रीय कामगार संघटनांचा देशव्यापी संप 19 ला होता. म्हणजे दुसऱ्या दिवशी.

ए-702: असेल बाबा. आमच्या मनात ते दोन दिवस एकच झालेत.

डी-602: शाब्बास रे! हेच प्रकल्पात लिहा. आजोबांची आठवण त्यांच्याच शब्दांत द्या, खाली तारखेचा फरक नोंदवा. आठवण खोडायची नाही आणि तपासल्याशिवाय घ्यायचीही नाही.

बी-110: शेवटी संप मागे कधी घेतला, तेही टाका.

डी-602: तिथे जपून. संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. कामगार हळूहळू परतले, कित्येकांना परत घेतलंच नाही, काही गिरण्या उघडल्याच नाहीत. मुलांच्या मसुद्यात 'संप संपला' असं वाक्य आहे, ते काढा.
1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा मात्र नीट समजून घ्या. त्या कायद्याने वाटाघाटीचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघटनेला होता, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार उभे राहिले, तरी कायद्याच्या लेखी त्यांची युनियन बोलणी करू शकत नव्हती. कायदाच रद्द करा ही मागणी तिथून आली. हे कळल्याशिवाय संप इतका का ताणला ते कळत नाही.

ए-101: पटलं ताई. पीडीएफ राहू दे. मी शनिवारी मुलांना नायगावच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात घेऊन जातो. जुनी वर्तमानपत्रं बघायला मिळतील का विचारू. गाडी आहे माझी.

डी-602: देव भलं करो. बातमी उतरवून घेताना वर्तमानपत्राचं नाव, तारीख, पान तिथल्या तिथे लिहा. घरी आल्यावर आठवत नाही.

सी-203: शेवटी मॉल आणि टॉवरबद्दल लिहू का? आपली बिल्डिंगही गिरणीच्याच जागेवर आहे ना.

डी-602: ओढ वाटणारच. पण गिरण्यांच्या जमिनींचे नियम 1991 चे, नंतर 2001 मध्ये बदलले. तो वेगळा प्रकल्प आहे, दहावीत करा. आत्ता आजोबांजवळ बसा. रेकॉर्डिंगआधी परवानगी विचारा. 'तुम्हाला वाईट वाटलं का' असं विचारू नका, 'त्या महिन्यात घरात धान्य कुठून आलं' असं विचारा.

ए-702: गावाहून. साताऱ्याला भावाने पोत्यात भरून दिलं. बायको-मुलांना मी गावीच ठेवलं, मी खोलीवर.

बी-304 (मुलगी): आजोबा, सहा वर्षं बदलीत होतात, मग संपात का गेलात? कामावर गेला असतात तर कदाचित कायम केलं असतं.

ए-702: मुकादमाचा निरोप आला होता तसा. पण ज्यांच्या जागी सहा वर्षं उभा राहिलो, ते बाहेर असताना त्यांच्या साच्यावर कसा जाणार?
बदलीचं कार्ड कपाटात आहे अजून. मुलांना उद्या पाचला वर पाठवा. फोटो काढू दे, कार्ड हातात देणार नाही.