बाबांचा १९९२ चा क्यूबेसिक गेम नवीन लॅपटॉपवर सुसाट पळतोय, स्लो कसा करू?

ऐरोली_सेक्टर८:
मंडळी मदत करा. माझ्या बाबांनी १९९२ साली ठाण्यात गोखले रोडजवळ एका क्लासात क्यूबेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकताना स्वतः एक गेम लिहिला होता, नाव 'खड्डे चुकवा'. रस्ता वरून खाली सरकतो, चांदण्या म्हणजे खड्डे आणि आपला ट्रक म्हणजे एक चौकोन, बस एवढंच. गेल्या आठवड्यात माळा आवरताना त्याचं डॉट मॅट्रिक्सचं प्रिंटआउट सापडलं, ते कडेला भोकंवाले कागद, चार पानं, शाई पार उडालेली. रविवारी बसून सगळं टाइप केलं, शून्य कुठला आणि ओ कुठला यातच अर्धा दिवस गेला. विंडोज ११ वर जुना क्यूबेसिक उघडतच नाही म्हणून क्यूबी६४ टाकलं, क्यूबेसिकचे प्रोग्रॅम आजच्या मशीनवर चालवणारं सॉफ्टवेअर, तर त्यात चक्क चालला! पण चालला म्हणजे काय, एंटर मारलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत 'ट्रक खड्ड्यात, गुण ०'. बाबा खुर्ची ओढून बसेपर्यंत गेम आटोपलेला असतो. कोडमध्ये एके ठिकाणी फॉर आय १ ते २००० आणि लगेच नेक्स्ट असं आहे, मध्ये काहीच नाही. तो २००० चा आकडा वाढवत नेला तर जरा ताळ्यावर आला, पण चार्जर काढला की ट्रक रेंगाळतो, लावला की परत उधळतो, आणि फॅन तर असा भणभणतो की आई विचारते मिक्सर कोणी लावला. लॅपटॉपमध्ये प्रॉब्लेम आहे का?

वडापाव_विथ_वायफाय:
घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये ट्रक सुसाट?? हे फक्त गेममध्येच होऊ शकतं 😂

टर्बो_बटन:
लॅपटॉप ठणठणीत आहे. तो फॉर-नेक्स्ट म्हणजेच तुमच्या बाबांचं घड्याळ. प्रोसेसरला सांगायचं २००० पर्यंत आकडे मोज मग ट्रक हलव, आणि तेव्हाच्या ३८६ प्रोसेसरला तेवढं मोजायला जो वेळ लागायचा तोच गेमचा स्पीड. आत्ताचं मशीन ते कधी मोजून मोकळं होतं कळत पण नाही. वर लॅपटॉप बॅटरीवर गेला की प्रोसेसर स्वतःच हळू होतो, म्हणून आकडा कितीही वाढवा, एकदा बरोबर बसेल आणि दुसऱ्या दिवशी चुकेल. फॅनचं कारणही तेच, रिकामं मोजताना एक कोर पूर्ण राबतोय.

ही भानगड फक्त बाबांची नाही हां, त्या काळात मोठ्या कंपन्यांचे गेमही असेच असायचे. आयबीएमचा पहिला पीसी ४.७७ मेगाहर्ट्झचा, लोकांनी तोच धरून गेम लिहिले, मग वेगवान मशीन आल्यावर सगळं धावायला लागलं. म्हणून तर कॅबिनेटवर टर्बो बटन असायचं, नाव टर्बो आणि खरा उपयोग मशीन हळू करायला! त्याच्या शेजारी ३३, ६६ असे लाल आकडे पेटायचे ते पण काही मोजत नव्हते, आत जंपर (पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) लावून जो आकडा ठेवाल तो दिसायचा. आमच्या नौपाड्यातल्या दुकानदाराने एकाला ९९ लावून दिला होता, गिऱ्हाईक खूश.

तर उपाय. तो रिकामा फॉर-नेक्स्ट काढा. त्या जागी टी बरोबर टायमर, मग व्हाइल टायमर लहान आहे टी अधिक ०.१ पेक्षा, आणि वेंड. टायमर म्हणजे मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले तो आकडा, क्यूबेसिकमध्ये पहिल्यापासून आहे. आता ट्रक सेकंदाला साधारण दहादा हलेल, मशीन कुठलंही असो.

नेरूळ_नाइट_शिफ्ट:
टायमरपेक्षा सरळ क्यूबी६४ चं अंडरस्कोर लिमिट वापरा ना, मेन लूपमध्ये, म्हणजे गेम परत परत फिरतो त्या भागात, _लिमिट १० लिहिलं की सेकंदाला दहा फेऱ्या, आणि मधल्या वेळात प्रोसेसर झोपतो म्हणजे फॅनचा विषयच संपला. टायमरच्या लूपमध्ये तो बिचारा सारखं 'झाले का, झाले का' विचारत बसतो, ट्रक हळू होईल पण मिक्सर चालूच राहणार.

कोडला हात लावायचा नसेल तर डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुन्या डॉस मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, असली क्यूबेसिक टाका. साध्या ०.७४ मध्ये कंट्रोल एफ११ ने सायकल, म्हणजे त्या नकली मशीनचा वेग, कमी होतात, कंट्रोल एफ१२ ने वाढतात, आकडा वरच्या पट्टीत दिसतो. सुरुवातीला ३००० असतो, तिथून अंदाज घेत जा. लॅपटॉपवर एफएन पण धरावं लागेल नाहीतर आवाज नाहीतर ब्राइटनेस बदलत बसेल.

घणसोली_गँगस्टर:
यात माझा पण घुसवतो सॉरी, जीटीए सॅन अँड्रियास गेम नवीन पीसीवर टाकलाय, १४४ हर्ट्झ मॉनिटर, सगळं मख्खन पण गेमचा हिरो सीजे पाण्यात पडला की पोहतच नाही, जागच्या जागी हातपाय मारतो. हे तेच आहे का

टर्बो_बटन:
@घणसोली त्याच कुळातलं. तिथे आकडे मोजत नाहीत, पण काही हिशोब फ्रेमवर, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात त्यावर, बांधलेत, फ्रेम जास्त झाल्या की ते गंडतात. डिस्प्ले सेटअपमध्ये फ्रेम लिमिटर ऑन कर. ऑफ केल्यावर गेम स्मूद दिसतो म्हणून सगळे ऑफ करतात आणि मग पोहता येत नाही म्हणून रडतात.

घणसोली_गँगस्टर:
पोहला!!! धन्यवाद भावा

ऐरोली_सेक्टर८:
@टर्बो दादा चालला! चार्जर काढला, लावला, ट्रकला काही फरक नाही. _लिमिट पण सुचवलं बाबांना, पण ते म्हणाले हे आमच्या वेळी नव्हतं, माझ्या प्रोग्रॅममध्ये घालायचं नाही, टायमर चालेल तो मला माहितीय. मग काय, फॅन भणभणू दे. ०.१ पण त्यांना स्लो वाटला, ०.०७ वर तडजोड झाली. काल जेवण झाल्यावर बसले ते उठायलाच तयार नाहीत, ४१२ गुण. आणि नेमका रात्री गेम हँग झाला हो, ट्रक रस्त्याच्या मधोमध थांबला, एकही की चालेना, शेवटी विंडो बंद करावी लागली. आता ते म्हणतात तू टाइप करताना चूक केलीस. सकाळपासून चारही पानं दोनदा ताडून पाहिली, चूक सापडत नाहीये.

नेरूळ_नाइट_शिफ्ट:
किती वाजता हँग झाला?

ऐरोली_सेक्टर८:
बाराच्या सुमारास, का?

नेरूळ_नाइट_शिफ्ट:
बारालाच. टायमर मध्यरात्री परत शून्यावर येतो. तुमचा लूप ८६४०० च्या पुढच्या आकड्याची वाट बघत होता आणि दिवसात सेकंदच ८६४०० असतात, तो आकडा कधी येणारच नाही. व्हाइलच्या आत एक ओळ टाका, टायमर टी पेक्षा लहान झाला तर टी बरोबर टायमर. टायपिंगची चूक नाही तुमची, बाबांना सांगा.

टर्बो_बटन:
अरे देवा, चूक माझी 🙏 काकांना सॉरी सांगा. आणि त्यांचे ४१२ धरायचे बरं का.

ऐरोली_सेक्टर८:
सांगितलं. म्हणाले, क्लास साडेआठला बंद व्हायचा, बारा वाजता कोण होतं बघायला. ओळ त्यांनी स्वतः टाइप केली, एका बोटाने. आता प्रिंटआउटवर पेनाने पण लिहून ठेवतायत.